तथागतांचे वैद्य जीवक कोमारभच्च



विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत आम्ही एका वैद्याचं चरित्र सांगणार आहोत. त्याचं नाव जीवक. आपल्यापैकी पुष्कळांनी हे नाव प्रवचनात ऐकलं असेल. पूज्य बाबासाहेबांनी आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात जीवकाच्या धम्मदीक्षेला स्वतंत्र जागा दिली आहे. राजगृहातला मोठा वैद्य, बिंबिसार राजाचा वैद्य, भगवान बुद्धांचा वैद्य, एवढी ओळख बहुतेकांना असते. पण त्याच्या चरित्रात आपल्या घरोघरच्या एका प्रश्नाचं उत्तर दडलेलं आहे. आजारी माणसाने डॉक्टरशी कसं वागावं, आणि डॉक्टरने आजारी माणसाशी कसं वागावं, हा तो प्रश्न.

हा प्रश्न लहान नाही. आपल्या वस्तीत दोन तऱ्हा दिसतात. एक तऱ्हा अशी की, डॉक्टर म्हणजे साहेब. ते जे बोलतील त्याला मान डोलवायची, काही कळलं नाही तरी हो हो म्हणायचं, आणि घरी आल्यावर गोळ्यांची पुडी फळीवर टाकून द्यायची. दुसरी तऱ्हा अशी की, डॉक्टर म्हणजे लुटारू. त्याच्यावर पहिल्यापासूनच संशय, आणि काही बरंवाईट झालं की चार माणसं जमवून त्याची गचांडी धरायची. दोन्ही तऱ्हांनी रोगी बरा होत नाही. तिसरी वाट कोणती, ती जीवकाच्या आयुष्यात पाहायला मिळते.

जीवकाची ही हकीकत विनयपिटकातल्या महावग्गाच्या आठव्या खंधकात आली आहे. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची ती गोष्ट आहे. त्या काळच्या सांगण्याच्या पद्धतीप्रमाणे तिच्यात काही गोष्टी वाढवून सांगितलेल्या असतील. शिवाय त्यातली औषधं कोणी आज घरी करून पाहू नयेत. आपण घ्यायची ती माणसांची वागणूक.

उकिरड्यावरचं मूल

मगध देशाची राजधानी राजगृह. तिथे सालवती नावाची एक गणिका होती. तिला दिवस गेले. ही गोष्ट लोकांना कळली तर आपला मान जाईल म्हणून तिने आजारी असल्याचा बहाणा केला आणि लोकांना भेटणं बंद केलं. मुलगा झाला. तिने दासीला सांगून ते मूल एका जुन्या सुपात घातलं आणि उकिरड्यावर टाकून दिलं.

सकाळी राजपुत्र अभय राजाच्या भेटीला निघाला होता. उकिरड्याभोवती कावळे जमलेले त्याने पाहिले. काय आहे म्हणून विचारलं तर माणसं म्हणाली, मूल आहे. जिवंत आहे का, असं त्याने विचारलं. जिवंत आहे, असं उत्तर आलं. त्याने ते मूल उचलून आपल्या वाड्यात नेलं आणि दायांच्या हवाली केलं. जिवंत आहे या शब्दावरून त्याचं नाव जीवक पडलं, आणि कुमाराने म्हणजे राजपुत्राने पोसलेला म्हणून कोमारभच्च.

मुलगा मोठा झाला, जाणता झाला. एक दिवस त्याने अभयाला विचारलं की माझे आईबाप कोण? अभय म्हणाला की तुझी आई मला ठाऊक नाही, पण तुला मी वाढवलं, तेव्हा बाप मीच. जीवकाने मनाशी विचार केला की राजाच्या घरी हातात काही कला असल्याशिवाय राहणं कठीण आहे. तो कोणाला न सांगता तक्षशिलेला निघून गेला. कुठे राजगृह आणि कुठे तक्षशिला! आजच्या हिशेबाने बिहारमधून निघून पाकिस्तानात रावळपिंडीच्या जवळ पोचायचं. बंधूंनो, ज्याच्या जन्माचा ठावठिकाणा नाही, ज्याला सुपात घालून उकिरड्यावर फेकलं, तो पोरगा विद्येच्या मागे एवढा पायी गेला. आपल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

तिथे एका नामवंत वैद्याजवळ तो सात वर्षं शिकला. पुष्कळ शिकला, झटकन शिकला, शिकलेलं विसरला नाही. पण या विद्येचा शेवट काही दिसेना. त्याने गुरूला विचारलं, शेवट कधी दिसेल? गुरूने त्याला कुदळ दिली आणि सांगितलं की तक्षशिलेच्या चारी बाजूंना योजनभर फिर आणि जे औषधी नाही असं काही दिसेल ते घेऊन ये. जीवक फिरला. रिकाम्या हाताने परत आला. औषधी नाही असं काही सापडलंच नाही म्हणाला. गुरूने सांगितलं, तुझं शिक्षण पुरं झालं. वाटखर्चाला थोडं देऊन त्याला निरोप दिला.

साकेतची पहिली रोगी

वाटेत साकेत नगरीत पोचेपर्यंत शिदोरी संपली. पुढे रान, पाणी नाही, अन्न नाही. जीवकाने गावात चौकशी केली की कोण आजारी आहे? कळलं की एका शेठच्या बायकोचं डोकं सात वर्षांपासून दुखतं आहे. मोठमोठे वैद्य आले, पुष्कळ सोनं घेऊन गेले, पण गुण आला नाही.

जीवक दारात गेला. द्वारपालाने आत निरोप दिला. बाईने विचारलं, वैद्य कसा आहे? तरुण आहे, असं उत्तर आलं. ती म्हणाली, राहू दे, तरुण वैद्य काय करणार? सात वर्षं फसलेली बाई, तिचा काय दोष? जीवक रागावला नाही. त्याने उलट निरोप पाठवला की आधी काही देऊ नका, बरं वाटलं तर मग इच्छेला येईल ते द्या. बाईला हे पटलं आणि तिने त्याला आत बोलावलं. पैशाची गोष्ट आधीच उघड झाली, म्हणून विश्वासाला जागा झाली.

जीवकाने पसाभर तूप मागवलं, त्यात औषधं शिजवली आणि ते नाकातून दिलं. तूप तोंडावाटे बाहेर आलं. बाईने ते भांड्यात थुंकलं आणि दासीला सांगितलं की हे कापसाने टिपून ठेव. जीवकाच्या कपाळाला आठी पडली. थुंकलेलं तूप जपून ठेवणारी ही बाई एवढी चिक्कू, मग माझी मेहनत आणि एवढी महागाची औषधं पाण्यातच जाणार, असं त्याच्या मनात आलं.

आता पुढचं नीट वाचा. बाईने त्याचा पडलेला चेहरा पाहिला आणि विचारलं, काय झालं? जीवकाने मनात आलं ते जसंच्या तसं सांगितलं. बाई चिडली नाही. तिने समजावलं की आम्ही प्रपंचातली माणसं, कुठे काटकसर करायची हे आम्हाला कळतं. हे तूप नोकरांच्या पायाला चोळायला किंवा दिव्यात घालायला चालतं. तुझी फी कुठे जात नाही.

अशी मोकळी बोलणी आज किती दवाखान्यांत होतात? डॉक्टरच्या मनात रोग्याबद्दल संशय असतो, रोग्याच्या मनात डॉक्टरबद्दल असतो, आणि दोघंही तो पोटात ठेवून एकमेकांना निरोप देतात. साकेतच्या घरात संशय आला, पण तो बोलून दाखवला गेला, म्हणून तिथेच मिटला. बाईचं डोकं थांबलं. तिने चार हजार दिले, मुलाने चार हजार, सुनेने चार हजार, नवऱ्याने चार हजार आणि वर दास, दासी आणि घोड्यांचा रथ दिला.

जीवक राजगृहाला आला आणि ही पहिली कमाई त्याने अभयापुढे ठेवली. ती पोसल्याबद्दलची परतफेड होती. अभयाने घेतली नाही. तुझं तुलाच राहू दे, पण घर मात्र माझ्याच वाड्यात बांध, असं त्याने सांगितलं.

राजाचं दुखणं आणि लाज

त्या वेळी बिंबिसार राजाला भगंदर झालं होतं. धोतराला रक्त लागायचं. राण्या ते पाहून त्याची चेष्टा करायच्या. राजा असूनही माणूस लाजेने कोंडला गेला होता. शेवटी त्याने अभयाला सांगितलं, अभयाने जीवकाला पाठवलं. जीवकाने नखात औषध घेतलं, दुखणं दाखवा म्हणाला, आणि लेप लावला. राजा बरा झाला.

आमच्या माताभगिनी आणि बंधू, सगळ्यांनीच इथे थांबून विचार करावा. मूळव्याध, भगंदर, पाळीचे त्रास, छातीतली गाठ, लघवीचे आजार, ही दुखणी आपण लाजेपायी वर्षानुवर्षं अंगावर काढतो. ज्याचा हुकूम सगळ्या मगधावर चालत होता, त्यालाही वैद्यासमोर दुखणं उघडं करावं लागलं. तेव्हाच तो बरा झाला.

राजाने खूश होऊन पाचशे स्त्रियांच्या अंगावरचे दागिने काढून जीवकापुढे ढीग केला. जीवकाने ते घेतले नाहीत. माझ्या सेवेची आठवण ठेवावी, एवढं पुरे, असं तो म्हणाला. मग राजाने त्याला आपली, अंतःपुराची आणि बुद्धप्रमुख भिक्खुसंघाची सेवा सोपवली.

विचारून केलेला आणि दाखवून केलेला इलाज

राजगृहाच्या एका शेठलाही सात वर्षांपासून डोक्याचा आजार होता. काही वैद्य म्हणाले पाचव्या दिवशी मरेल, काही म्हणाले सातव्या. राजाच्या सांगण्यावरून जीवक गेला. शस्त्र लावण्याआधी त्याने शेठला तीन प्रश्न विचारले. सात महिने एका कुशीवर पडून राहशील का? सात महिने दुसऱ्या कुशीवर? सात महिने पाठीवर? शेठ तिन्ही वेळा हो म्हणाला. मग जीवकाने त्याला मंचकाला बांधून डोक्याची कातडी चिरली, आतून दोन किडे काढले, जमलेल्यांना दाखवले आणि जखम शिवून लेप लावला.

सात दिवस झाले आणि शेठ म्हणाला की आता माझ्याने होत नाही. तू कबूल केलं होतंस ना, असं जीवकाने विचारलं. केलं होतं, पण जीव जाईल माझा, असं शेठ म्हणाला. मग सात दिवस दुसऱ्या कुशीवर, सात दिवस पाठीवर. एकवीस दिवसांत माणूस बरा झाला. तेव्हा जीवकाने सांगितलं की एकवीस दिवस पुरणार हे मला आधीच ठाऊक होतं. पण सात महिने म्हटलं नसतं तर तू एवढंही पडून राहिला नसतास.

यावर आमच्या मनात वाद आहे. रोग्याला खरी मुदत न सांगणं बरोबर का? आजच्या काळात आम्ही नाही म्हणू. रोग्याला पुरं सांगून त्याची संमती घेतली पाहिजे. सुप्रीम कोर्टानेही २००८ साली एका निकालात सांगितलं आहे की तपासणीसाठी दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही. पण या गोष्टीत दोन चांगल्या बाबी आहेतच. जीवकाने आधी विचारलं, तुझ्याने जेवढं होईल तेवढंच मी धरतो असं वागला आणि शेवटी आपली युक्ती स्वतःच्या तोंडाने सांगितली. आणि शेठला सोसवेना तेव्हा तो गुपचूप उठून गेला नाही. त्याने वैद्याला तसं सांगितलं. क्षयाच्या औषधाचं काय होतं ते आठवा. साध्या क्षयालाही निदान सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. महिनाभरात खोकला कमी होतो, गोळ्यांनी मळमळतं, आणि माणूस डॉक्टरला न सांगता गोळ्या सोडतो. मग तोच क्षय औषधाला दाद न देणारा होऊन उलटतो. झेपत नाही तर शेठसारखं झेपत नाही म्हणावं. डॉक्टर दुसरी वाट काढतो. सरकारी दवाखान्यात हे औषध फुकट मिळतं.

बनारसच्या शेठचा मुलगा कोलांट्या मारून खेळत असताना त्याच्या आतड्याला पीळ पडला. पेज पचेना, अंग वाळलं, पिवळं पडलं. जीवक तिथे गेला. त्याने गर्दी बाहेर काढली, पडदा लावला, मुलाला खांबाला बांधलं आणि त्याच्या बायकोला मात्र समोर उभं केलं. पोट चिरून आतड्याची गाठ बाहेर काढली आणि तिला दाखवली की हा बघ तुझ्या नवऱ्याचा रोग, याच्यामुळे त्याला पेज पचत नव्हती. मग पीळ सोडवून आतडं आत घातलं आणि पोट शिवलं. बघ्यांना बाहेर काढलं, पण जी पुढे पथ्यपाणी करणार, जी रात्री उशाशी बसणार, तिला आत घेतलं आणि रोग समजावून दिला. मोठ्या डॉक्टरची ही खूण आहे.

हुकूम करणारा रोगी

आता उलट्या वागणुकीची गोष्ट. उज्जैनचा राजा प्रद्योत मोठा तापट. त्याला पांडुरोग झाला. जीवकाला मगधाहून पाठवण्यात आलं. जीवक म्हणाला, तूप शिजवून देतो. राजाने हुकूम केला की तुपाचा मला तिटकारा आहे, तुपाशिवाय जमत असेल तर कर. जीवकाला तर वाटत होतं की तुपाशिवाय हा रोग हटणार नाही. खरं बोलावं तर राजा ऐकत नाही. मग त्याने तूप अशा औषधांत शिजवलं की त्याला काढ्याचा रंग, वास आणि चव आली. पण ते ओकारीतून कळणार, आणि राजा जीव घेणार, हे तो जाणून होता. म्हणून औषधी मुळ्या आणायच्या आहेत असं सांगून त्याने आधीच कोणत्याही वाहनातून, कोणत्याही दरवाजाने, कोणत्याही वेळी बाहेर जायची परवानगी मिळवली. राजाला औषध पाजलं आणि भद्दवतिका नावाच्या हत्तिणीवर बसून तो पळाला.

राजाला ओकारी झाली, तूप कळलं, आणि त्याने काक नावाच्या वेगवान नोकराला पाठीमागे धाडलं. कोसंबीला काकाने जीवकाला गाठलं. जीवकाने त्याला अर्धा आवळा खायला दिला, त्यात नखातून औषध घातलेलं होतं. काक जुलाबाने तिथेच बसला. जीवकाने त्याच्या स्वाधीन हत्तीण केली आणि राजगृहाची वाट धरली. पुढे राजा बरा झाला, त्याने सिवेय्यक नावाचं अति मोलाचं वस्त्र भेट पाठवलं.

लोक ही गोष्ट ऐकून हसतात आणि जीवकाच्या हुशारीला दाद देतात. आम्हाला मात्र ती दुःखाची वाटते. जगातला उत्तम वैद्य, पण रोग्याच्या धाकाने त्याला खोटं बोलावं लागलं आणि चोरासारखं पळावं लागलं. जिथे रोगी हुकूम करतो आणि डॉक्टर भितो, तिथे सत्य निघून जातं. आज डॉक्टरला मारहाण करणारे, दवाखान्याच्या काचा फोडणारे लोक असेच प्रद्योत आहेत. मार खाल्लेला डॉक्टर दुसऱ्या दिवशी गंभीर रोगी घ्यायलाच घाबरतो आणि मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी देऊन मोकळा होतो. त्यात मरतो आपलाच माणूस.

तथागत रोगी म्हणून

एकदा भगवान बुद्धांच्या शरीरात दोष साठले होते. त्यांनी आनंदाला सांगितलं, आनंदाने जीवकाला सांगितलं. जीवकाने घाईने औषध दिलं नाही. आधी काही दिवस शरीराला तेल वगैरे चोळून मऊ करा म्हणाला. आनंदाने ते करून परत कळवलं. जहाल रेच देणं तथागतांना बरं नाही, असा जीवकाने विचार केला आणि औषधाची भावना दिलेली कमळांची तीन जुड्या हुंगायला दिल्या. प्रत्येक जुडीने दहा, अशी तीस वेळा पोट साफ होणार होती. दरवाजापर्यंत गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की एकोणतीस वेळा झाल्यावर स्नान करायचं आणि मग तिसावी वेळ, हे सांगायचं राहिलं. ग्रंथ म्हणतो की तथागतांनी त्याच्या मनातलं ओळखून आनंदाला गरम पाणी तयार ठेवायला सांगितलं. जीवक परत आला, पोट साफ झालं का ते विचारलं, आणि शरीर पूर्ववत होईपर्यंत काय खाऊ नये तेही सांगितलं.

देवदत्ताने टाकलेल्या दगडाची कपची लागून तथागतांचा पाय जखमी झाला, तेव्हाही जीवकानेच औषध बांधलं, असं धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. दुसरा रोगी पाहायला तो नगरात गेला आणि परतायच्या वेळी वेशीचे दरवाजे बंद झाले. पट्टी वेळेवर सुटली नाही तर त्रास होईल, या काळजीने तो रात्रभर तळमळला. इकडे तथागतांनी आनंदाकडून पट्टी वेळेवर सोडवून घेतली होती.

आपल्याला दुसऱ्याच्या मनातलं ओळखता येत नाही. म्हणून विचारून घ्यायचं. गोळी जेवणाआधी की नंतर, किती दिवस, काय खायचं नाही, काय झालं तर लगेच परत यायचं. डॉक्टर दरवाजापर्यंत गेला असला तरी हाक मारून विचारायचं. ज्यांच्या पायाशी राजे बसत, ते तथागतही वैद्याचं पथ्य पाळत होते. तेव्हा विचारण्यात आणि पाळण्यात कमीपणा नाही.

या उपचारानंतर जीवकाने तथागतांकडे एक मागणं मागितलं. ते सिवेय्यक वस्त्र त्यांनी स्वीकारावं आणि भिक्खूंना गृहस्थांनी दिलेली वस्त्रं घ्यायला परवानगी द्यावी. तोपर्यंत भिक्खू चिंध्यांची चीवरं वापरत. तथागतांनी परवानगी दिली. वैशालीत पक्वान्नं खाऊन भिक्खू आजारी पडू लागले तेव्हाही जीवकानेच चालण्यासाठी चंक्रमणाची जागा आणि गरम न्हाणीघर असावं असं सुचवलं, आणि ते मान्य झालं. वैद्याचं शहाणपण औषधापुरतं नसतं, ते राहणीलाही लागू पडतं.

दारात उभे राहिलेले रोगी

जीवकाच्या चरित्रात एक खंतही आहे, ती लपवून उपयोग नाही. मगधात एकदा कुष्ठ, गळवं, त्वचेचे रोग, क्षय आणि फेफरं हे पाच आजार पसरले. लोक जीवकाकडे आले, वाटेल ते देतो म्हणाले. जीवकाने सांगितलं की माझ्यावर राजाचं, अंतःपुराचं आणि संघाचं काम आहे, मला सवड नाही. मग काही लोक निव्वळ इलाजासाठी भिक्खू झाले आणि बरे होताच चीवर सोडून गेले. जीवकाला हे कळल्यावर त्याने तथागतांना विनंती केली आणि या पाच रोगांच्या माणसांना दीक्षा देऊ नये असा नियम झाला. संघावर भार पडत होता हे खरं. पण दारात उभ्या राहिलेल्या त्या रोग्यांचं काय झालं, हा विचार आमच्या मनातून जात नाही. एक जीवक कितीही मोठा असला तरी सगळ्या देशाला पुरत नाही. पुढे सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी चिकित्सेची सोय केल्याचं आणि औषधी वनस्पती लावल्याचं कोरून ठेवलं. सरकारी दवाखाना चांगला चालला पाहिजे ही मागणी त्यामुळे आपल्या परंपरेचीच आहे.

रोग्याचे पाच गुण

त्याच महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता, कोणी पाहत नव्हतं. तथागतांनी आणि आनंदाने त्याला स्वतः धुतलं, खाटेवर निजवलं. त्यानंतर तथागतांनी सांगितलं की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी. आणि कोणत्या रोग्याची शुश्रूषा सोपी जाते, तेही सांगितलं. जो आपल्याला हितकर तेच करतो. हितकर गोष्टीतही प्रमाण ठेवतो. औषध घेतो. हित चिंतणाऱ्या सेवकाला आपला आजार जसा आहे तसा सांगतो, वाढला तर वाढला, उतरला तर उतरला, तसाच असेल तर तसाच. आणि शरीराच्या वेदना सोसतो. सेवा करणाऱ्याचेही पाच गुण सांगितले. औषध तयार करता येणं, हितकर काय आणि अहितकर काय हे कळणं, लाभासाठी नव्हे तर मैत्रीच्या भावनेने सेवा करणं, मलमूत्र, थुंकी, ओकारी काढायची किळस नसणं, आणि अधूनमधून धम्माच्या चार गोष्टी सांगून रोग्याला धीर देणं.

यातला आजार जसा आहे तसा सांगणं हा गुण आम्हा गिरणीतल्या माणसांना फार जवळचा वाटतो. ब्लोरूम आणि कार्डिंग खात्यात कापसाची धूळ उडायची. सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती आवळायची, दम लागायचा. या दुखण्याला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात. सुरुवातीला छातीच्या फोटोत ते ओळखू येत नाही. छाती कोणत्या वारी आवळते, हे कामगाराच्या तोंडूनच कळतं. ज्याने नुसतं खोकला आहे म्हटलं, त्याला खोकल्याचं औषध मिळालं. ज्याने खातं सांगितलं, वार सांगितला, त्याच्या केसपेपरवर खरं दुखणं लिहिलं गेलं. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याच्या परिशिष्टात हा आजार कामामुळे होणाऱ्या रोगांत धरलेला होता. म्हणजे एक वाक्य सांगण्यावर इलाज आणि भरपाई दोन्ही अवलंबून होतं. अर्थात, डॉक्टरने मान वर करून विचारलंही पाहिजे. मान खाली घालून चिठ्ठी लिहिणाऱ्याला जीवकाचा वारस म्हणता येणार नाही.

हे हक्क आता कागदावरही आले आहेत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली. आजाराची माहिती मिळणं, कागदपत्रांच्या प्रती मिळणं, संमती घेतली जाणं, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेता येणं, हे त्यात आहे. महाराष्ट्रात २०२१ साली शुश्रूषागृहांच्या नोंदणीच्या नियमांत सुधारणा होऊन अशी सनद दर्शनी जागी लावणं बंधनकारक झालं. आयोगाच्या सनदेत रुग्णाची कर्तव्यंही आहेत. काही न लपवता माहिती द्यावी, सूचना पाळाव्यात, डॉक्टरचा मान राखावा, हिंसा करू नये. महावग्गातले पाच गुण आणि ही यादी शेजारी ठेवून वाचा, म्हणजे तथागतांची दृष्टी किती लांबची होती ते कळेल.

जीवकाने राजगृहातलं आपलं आंबराईचं वन संघाला दिलं. बापाला मारून गादीवर बसलेल्या अजातशत्रू राजाचं मन एका पौर्णिमेच्या रात्री अस्वस्थ झालं, तेव्हा याच आंबराईत तथागतांकडे त्याला जीवकच घेऊन गेला. दुखणं ओळखून योग्य दारात नेणं हेही वैद्याचंच काम. राजगीरला त्या आंबराईतल्या विहाराचे दगडी पायाचे अवशेष आजही दाखवतात. तिकडे जाणाऱ्या उपासक उपासिकांनी ते जरूर पाहावेत.

बंधू-भगिनींनो, आम्ही सुचवतो ते एवढंच. प्रत्येक घरात एक पिशवी करा. तिच्यात सगळे जुने केसपेपर, रिपोर्ट, फोटो आणि चालू गोळ्यांची पाकिटं ठेवा. दवाखान्यात जाताना चार प्रश्न कागदावर लिहून न्या. शाळेत जाणारी मुलगी लिहून देईल. दारू, तंबाखू, मिश्री, बुवाचा अंगारा, मेडिकलमधून परस्पर घेतलेली गोळी, यातलं काहीही डॉक्टरपासून लपवू नका. म्हाताऱ्या माणसाला एकटं पाठवू नका. आपल्या विहारात शिकलेली मुलं-मुली आहेत, त्यांनी आठवड्यातून एक दिवस अशा माणसांबरोबर दवाखान्यात जावं. आणि आपली जी मुलं डॉक्टर, नर्स होत आहेत त्यांना आमचं सांगणं आहे, साकेतची बाई आणि बनारसची सून विसरू नका. रोग्याला बोलू द्या, त्याच्या घरच्यांना रोग समजावून द्या, पैशाची गोष्ट आधी सांगा.

उकिरड्यावर कावळ्यांनी घेरलेल्या मुलाबद्दल एका माणसाने थांबून विचारलं की जिवंत आहे का, म्हणून जीवक जगला. त्याने पुढे तोच प्रश्न दारोदार जाऊन आजाऱ्यांना विचारला. आपणही विचारत राहू आणि खरं उत्तर देत राहू.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!